दुसऱ्या बाजूची शिट्टी

सांगलीच्या माझ्या मित्राशी माझं आयुष्यात एकदाच कडाक्याचं भांडण झालं, आणि तेसुद्धा एका परदेशी रॉक बँडच्या जुन्या रेकॉर्डीवरून. त्याचं म्हणणं होतं, या बँडच्या जुन्या लाइव्ह रेकॉर्डींना आता काडीची किंमत राहिलेली नाही. माझं म्हणणं होतं, तुला कळत नाही तर गप्प बस. पुढं त्या भांडणाचं काय झालं ते सांगतोच. पण साताऱ्यात पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात नकाशे गिरवणारा मी, घर कोरेगाव तालुक्यात, चारी बाजूंनी ऊस, आणि असल्या रेकॉर्डी माझ्याकडं आल्याच कशा, हे आधी सांगायला पाहिजे.

त्या माझ्या नव्हत्याच. दादाच्या होत्या.

दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. आमचे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, लष्करातून हवालदार होऊन पेन्शनीत आलेले. थोरल्यानं भरती व्हायचं हे घरात न बोलता ठरलेलं होतं. दादा दोनदा भरतीला गेला. दोन्ही वेळा धावला, दोन्ही वेळा छाती भरली, आणि दोन्ही वेळा डॉक्टरनं कानात टॉर्च मारून त्याला बाजूला काढला. डाव्या कानानं त्याला लहानपणापासून कमी ऐकू यायचं. दुसऱ्यांदा परत आला तेव्हा आप्पा त्याच्याशी आठ दिवस बोलले नाहीत. मग कधीतरी आमच्याच भावकीतल्या एकाच्या ओळखीनं तो मुंबईला गेला आणि तिथून बोटीवर लागला. भटारखान्यात हाताखाली. आप्पा म्हणाले, "बंदूक न्हाई मिळाली, आता कांदं सोलतोय." आई म्हणाली, "पोटाला तरी लागंल."

मी स्वभावानं तापट, आणि एका जागी बसणं मला कधी जमलंच नाही. आई म्हणायची, ह्येच्या पायाला भिंगरी हाय. पण भिंगरी माझ्या पायाला आणि समुद्रापार गेला दादा, याचा मला मनातून राग होता हे आता कबूल करायला हरकत नाही. तो निरनिराळ्या बंदरांची नावं लिहून पत्रं पाठवायचा आणि मी साताऱ्याच्या खोलीत ती नावं नकाशात शोधत बसायचो. बसायचो म्हणजे काय, उभ्यानंच शोधायचो.

तो गेल्याला वर्ष झालं असेल नसेल, तेव्हा मुंबईहून एक पार्सल आलं. बोटीवरचा कुणी रत्नागिरीचा सोबती सुट्टीवर आला होता, त्यानं ते पोस्टात टाकलेलं. आत दोन मोठ्या रेकॉर्डी. एकीवर नुसताच धूर आणि दिवे, दुसरीवर पाच लांब केसांची माणसं. दोन्ही लाइव्ह, म्हणजे लोकांसमोर वाजवताना तिथल्या तिथं भरून घेतलेल्या. सोबत पत्र होतं. अक्षर दादाचं, वाकडंतिकडं. पत्र अजून पाठ आहे.

"हितं एका बंदराच्या गावात ह्यो बँड ऐकाय गेलो हुतो. मोप माणूस. आपल्याकडचा मी एकलाच. लय वाजवलं. मला ऱ्हावलं न्हाई, मी आपल्या मैदानातली शिट्टी मारली. ती ह्या पाच जणांच्या रेकॉर्डीत धरली हाय. दुसऱ्या बाजूला, शेवटच्या गाण्याच्या आदी. आईला ऐकव."

आमच्या गावच्या कुस्त्यांच्या मैदानात एक शिट्टी असते. दोन बोटं जिभेखाली घालायची, लांब काढायची, खाली सोडायची आणि परत वर नेऊन मोडायची. आपला पैलवान वर आला की मारायची. सगळेच मारतात, पण दादाची मोडताना थोडी फाटायची. उसाच्या दुसऱ्या टोकाला तो असला तरी आईला ती ओळखू यायची.

पार्सल फोडल्या फोडल्या आईनं कुंकवाचा करंडा आणला. आमच्याकडं कुठलीही नवी वस्तू घरात आली की तिला हळदकुंकू लावल्याशिवाय वापरत नाहीत. इंजिन असो, सायकल असो, नाहीतर पाटा. तिनं बोट कुंकवात बुडवलं आणि त्या पाच जणांच्या फोटोपाशी थांबली. म्हणाली, "जित्या माणसांच्या फोटूला कसं लावायचं? ते गेलेल्याला लावत्यात." मग तिनं ते पाकीट उलटं केलं आणि मागच्या बाजूला, खाली बारीक अक्षरं होती तिथं, ओल्या कुंकवाचं चांगलं रुपयाएवढं बोट टेकवलं. मी बघत होतो. मला हसू आलं.

घरी रेकॉर्ड वाजवायचं काही नव्हतं. लग्नात कर्णे लावणारा एक जण गावात होता, त्याचं मशीन आणलं. अंगणात वीस-पंचवीस माणसं जमली, कारण दादाचा आवाज परदेशातून आलाय अशी बातमी तोवर गावभर झाली होती. सुई टेकवली आणि जो काही गदारोळ सुरू झाला, तो ऐकून शेजारच्या काकू पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "आगं, ह्येंची भांडणं लागल्यात का?" आई पावटे सोलत होती. तिनं मला विचारलं, "ह्ये बँडवालं लग्नात वाजिवत्यात व्हय रं?" मी म्हटलं, नाही, ह्यांना ऐकायला लोक तिकीट काढून जातात. तिचा विश्वास बसला नाही.

दुसरी बाजू लावली. तीन गाणी गेली. तिसरं संपलं, टाळ्या सुरू झाल्या, लोक ओरडले, गाणारा काहीतरी बोलला आणि हसला. आणि त्या कल्लोळातून एक शिट्टी वर आली. लांब, मग खाली, मग वर जाऊन मोडलेली.

आईचा हात पावट्यात थांबला. ती एवढंच म्हणाली, "माजा हाय."

आप्पा उठले आणि "पानी बघून येतो" म्हणून उसाकडं निघून गेले. त्या दिवशी आमच्या पाण्याची पाळी नव्हती.

त्यानंतर मी पाचगणीहून एक जुना प्लेअर आणला. तिथल्या एका शाळेतली परदेशी बाई मायदेशी चालली होती आणि सामान विकत होती. सुटकेससारखा होता तो, झाकणातच स्पीकर. शनिवारी अर्ध्या दिवसाचं ऑफिस सुटलं की मी एसटीनं गावी जायचो, वीज असली तर प्लेअर लावायचो आणि आई समोर येऊन बसायची. पहिल्या एक-दोन वेळा मी सरळ शेवटच्या गाण्याआधी सुई टेकवायला गेलो, तर तिनं माझा हात धरला.

"मदनंच कशाला? त्यो आदी आला आसंल, बसला आसंल, समदं ऐकलं आसंल, मग शिट्टी मारली. आपण बी आदीपासनं ऐकायचं."

म्हणजे दर शनिवारी पूर्ण बाजू. तीन वर्षं. मला असली गाणी ना कळत होती ना आवडत होती, पण एकच गोष्ट इतक्या वेळा ऐकली की ती अंगवळणी पडते. पहिल्या गाण्यात गिटारवाल्याची तार तुटते आणि तो उरलेल्या तारांवर रेटून नेतो. दुसऱ्यात ड्रमवाला एक मात्रा आधीच सुटतो आणि बाकीचे त्याला धावत जाऊन गाठतात. तिसऱ्यात गाणारा ओळ विसरतो आणि लोक ती पुरी करतात. मला हे भारी वाटायला लागलं. स्टुडिओत भरलेल्या रेकॉर्डीत सगळं इस्त्री केल्यासारखं असतं. इथं माणसं चुकत होती, सावरत होती, घाम पुसत होती, आणि त्या सगळ्यात कुठंतरी माझा भाऊ उभा होता. पुढं पुढं शिट्टीच्या आधीच मला धडधड सुरू व्हायची. एकीकडं ती यावी असं वाटायचं, आणि आली की संपली म्हणून चिडचिड व्हायची.

मधल्या काळात दादाची पत्रं बंद झाली. आधी लांबली, मग दोन आली, मग नाहीच. मी बोटीच्या कंपनीला लिहिलं. सहा महिन्यांनी उत्तर आलं की तुमचे बंधू एका बंदरात उतरले ते बोटीवर परतलेच नाहीत, त्यांचा काही पत्ता लागल्यास आम्हाला कळवावे. आम्हाला कळवावे म्हणे. अरे, मी तुम्हाला विचारतोय ना? मी ते पत्र आप्पांना वाचून दाखवलं. त्यांनी ते घडी करून खिशात टाकलं आणि म्हणाले, "हिला बोलू नगस."

मी नाही बोललो. पण खरी गंमत ही की आईनं कधी विचारलंच नाही. पत्र का येत नाही, कधी येणार, कुठं आहे, एक शब्द नाही. गावात कुणी विचारलं, "थोरलं काय म्हनतंय?" की ती म्हणायची, "हाय की, बरा हाय. परवाच ऐकलं." परवा म्हणजे शनिवारी. मी आतून चडफडायचो. राग नेमका कुणाचा यायचा ते सांगता येत नाही. दादाचा यायचा, तो तर होताच. आप्पांचा यायचा, कारण त्यांनी मला गप्प केलं होतं. आणि आईचाही यायचा, कारण ती त्या चार सेकंदांवर निवांत होती आणि काळजी करायचं काम सगळं माझ्याकडं आलं होतं. साताऱ्याच्या खोलीत मी रात्रंदिवस फेऱ्या मारायचो. खालचे भाडेकरू वर येऊन सांगून गेले, जरा बसत जा हो.

मग एका शनिवारी रेकॉर्ड संपली आणि आई तशीच बसून राहिली.

"त्येचा आवाज बसलाय," ती म्हणाली.

"कुणाचा?"

"शिट्टी बारीक झाली रं. म्हैनाभर बगती मी. आजारी हाय का काय त्यो?"

मी तिला समजावलं. म्हटलं, आई, रेकॉर्ड झिजते. सुई फिरून फिरून खाच उथळ होते, आवाज जातो. दादाचा आणि त्याचा काही संबंध नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी मी निघताना म्हणाली, "तितं थंडी लय आसंल." पुढच्या शनिवारी गेलो तर तिनं त्याच्यासाठी गुरुवारचा उपास धरला होता. त्याच्या पुढच्या शनिवारी ती शिट्टीच्या वेळेला पुढं सरकून कान प्लेअरला लावून बसली, आणि नंतर जेवली नाही.

एवढंच माझ्या हातात होतं की ती शिट्टी जायच्या आधी कुठंतरी उतरवून घ्यायची. म्हणून आईला "नीट करून आणतो" असं सांगून मी रेकॉर्ड घेऊन सांगलीला गेलो.

माझा मित्र मिरजेच्या तंतुवाद्यं करणाऱ्या घराण्यातला. त्यांच्याकडं सात पिढ्या सतारी आणि तंबोरे होतात. यानं मात्र पटाशी सोडून सोल्डरिंगची सळई धरली आणि सांगलीत रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. सांगलीत शिकायला होतो तेव्हा आम्ही एका खोलीत राहिलेलो. त्याच्याकडं मोठा टेपरेकॉर्डर होता, आणि परदेशी संगीताचं वेड त्याला माझ्याही आधीपासून. मी त्याला शिट्टीचं काही सांगितलं नव्हतं. नुसतं लिहिलं होतं की एक रेकॉर्ड टेप करायची आहे, रविवारी सकाळी येतो.

त्यानं पाकीट बघितलं आणि हसला. "ही व्हय ती? गड्या, ह्या बँडच्या जुन्या लाइव्हला आता कोण विचारतंय? नवी ऐकलीस का?"

त्याच्याकडं नवी होती. मुंबईच्या कुणाकडून आणलेली, दोन रेकॉर्डींचा संच, तीही लाइव्ह. त्यानं चहा सांगितला आणि ती लावली. आता खरं सांगायचं तर नवी उत्तम होती. ड्रमचा ठोका छातीवर येत होता, प्रत्येक गिटार वेगळी ऐकू येत होती. मला ते कळत होतं, म्हणूनच माझं डोकं फिरायला लागलं.

"आता तुजी लाव," तो म्हणाला. लावली. त्यानं एक गाणं ऐकलं आणि हातानं थांबवलं. "ड्रम म्हणजे पत्र्याचा डबा बडवतोय कुणी. गाणारा सुराला सोडून. तवा कंपनीला घाई हुती, भरली न् विकली. आता नवी आल्यावर हिला काय किंमत?"

"नव्यात माणसं कुठायत?" मी विचारलं. "टाळ्या बघ. नळ सोडल्यासारख्या येतात आणि नळ बंद केल्यासारख्या जातात. एक तार तुटत नाही, एक जण चुकत नाही. असलं ऐकायला मैदानात कशाला जायचं?"

"म्हणजे चुकलं की चांगलं व्हय?"

"चुकलं की खरं."

"आरं, आमच्या अब्बांना जाऊन सांग हे. तंबोरा जुना झाला की मुरतो, लाकूड वाळतं, आवाज खुलतो. रेकॉर्ड जुनी झाली की नुसती झिजती. मुरत न्हाई गड्या. जुनी हाय म्हणून मोठी, असं फक्त वाद्याचं."

मी दुकानात येरझाऱ्या घालायला लागलो. दुकान केवढं, तर चार पावलांचं. मी म्हणालो, तुझ्या कानात सोल्डर गेलंय. तो म्हणाला, तुझ्या डोक्यात रेकॉर्ड अडकलीय. असं बराच वेळ चाललं. मग तो म्हणाला, "किती जुनी हाय ती तरी बगू. कवाची तरी भरल्याली असणार." आणि पाकीट उलटं केलं.

"ह्ये काय लागलंय?"

"कुंकू. आईनं लावलंय."

तो थांबला. "पुसू का? ह्याच्याखाली लिव्हलेलं हाय."

"पूस."

त्यानं वाद्यांच्या पॉलिशसाठी वापरतात त्या स्पिरिटमध्ये कापूस बुडवला आणि हलक्या हातानं पुसलं. कुंकू निघालं, कागद गुलाबी राहिला, पण अक्षरं दिसायला लागली. कुठल्या गावात भरली, कुठल्या महिन्यात, कुठल्या साली. त्यानं मोठ्यानं वाचलं. मला हरवल्याच्या आनंदात वाचलं त्यानं, त्याला काय माहीत.

साल होतं दादानं घर सोडायच्या दोन वर्षं आधीचं. आणि तो महिना मला चांगला आठवत होता, कारण त्याच महिन्यात दादा दुसऱ्यांदा भरतीला गेला होता आणि त्याच्याबरोबर कोल्हापूरला मीच गेलो होतो. परत येताना तो एसटीत खिडकीकडं तोंड करून बसला होता. तेव्हा तिकडं त्या गावात कुणीतरी भलत्यानंच शिट्टी मारली होती.

मी खुर्चीत बसलो. मित्र म्हणाला, काय झालं? मग मी त्याला सगळं सांगितलं. दादाचं पत्र, आईचे शनिवार, बसलेला आवाज, उपास. तो ऐकत गेला तसा त्याचा चेहरा उतरला.

"थांब," तो म्हणाला, "त्यो खोटं बोलला असंल असं न्हाई. गेला असंल की ह्यांच्या दुसऱ्या कार्यक्रमाला. शिट्टीबी मारली असंल. मग दुकानात हीच पाच तोंडं दिसली, त्याला वाटलं त्याच दिवसाची रेकॉर्ड. आपल्याकडं जत्रंत फोटो काढला की दुसऱ्या दिवशी हातात मिळतो का न्हाई? त्याला इंग्रजी कुठं येत हुतं? आणि कान तर असला."

"आईनं कुंकू लावून ठेवलंय त्या शिट्टीला."

"म्हणूनच म्हणतो, टेप करून देतो. घिऊन जा. काय सांगू नगंस."

"कुणाची शिट्टी टेप करतोस? तुझा कोण लागतो तो?"

"माझा न्हाई, पण—"

"आणि तुला पुसायला कुणी सांगितलं होतं?"

मीच सांगितलं होतं. मी रेकॉर्ड उचलली आणि चहा तसाच टाकून बाहेर पडलो. आमचं बोलणं त्यानंतर चार वर्षं बंद होतं.

सांगलीहून कराड, कराडहून सातारा, साताऱ्याहून कोरेगाव. एसटीत बसायला जागा होती तरी मी उभा होतो. कंडक्टर म्हणाला, "आवं, बसा की." कराडच्या स्टँडवर गाडीला अर्धा तास होता, तेवढ्यात मी स्टँडला किती फेऱ्या मारल्या देवाला माहीत. मित्राचं म्हणणं मला पटलं नव्हतं असं नाही. पण मला ते पटवून घ्यायचंच नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की तो तिकडं मजेत शिट्ट्या मारत हिंडतोय, आणि इकडं आई एका परक्याच्या शिट्टीसाठी उपाशी राहते, आणि मी ती शिट्टी खांद्याला लावून गावोगाव फिरतोय. बस झालं, मी म्हटलं. या घरात कुणीतरी खरं बोललं पाहिजे. असं स्वतःशी म्हणताना मला फार बरं वाटलं होतं, हेही लिहून ठेवतो.

घरी पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. आई अंगणात धान्य पाखडत होती. आप्पा उंबऱ्यावर बसून दोर वळत होते.

आई सूप ठेवून उठली. "झाली का नीट? सुटला का त्येचा आवाज?"

"आई, ती शिट्टी दादाची नाही."

"असं कसं?"

"नाही म्हणजे नाही. ही रेकॉर्ड भरली तेव्हा दादा इथं होता. आपल्या घरात. हे बघ, लिहिलंय साल." मी पाकीट तिच्यापुढं धरलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. "भरतीला गेला होता त्या वेळचं आहे हे. तो तिथं नव्हताच. थाप मारली त्यानं आपल्याला."

आप्पा म्हणाले, "आरं, गप."

मी गप्प झालो नाही. तीन वर्षांचं तुंबलेलं होतं ते सगळं बाहेर पडलं. कंपनीचं पत्र आलं होतं तेही सांगितलं. तो बंदरात उतरला आणि परत बोटीवर गेलाच नाही, दीड वर्ष झालं, कुणाला पत्ता नाही, आणि तू उपास कुणासाठी करतेस. हे शब्द मी बोललो. माझ्या आईला बोललो.

तिला वाचता येत नव्हतं. तिनं पाकीट हातात घेतलं, उन्हाकडं तिरकं केलं आणि त्या गुलाबी डागावर अंगठा फिरवला.

"कुकू कुणी पुसलं?"

"कुंकवाचं काय घेऊन बसलीस? मी काय सांगतोय?"

पाकीट तिनं पालथं करून सुपाशेजारी ठेवलं. हात लुगड्याला पुसले. आप्पांचा दोर वळायचा थांबला होता. मी आता ती रडेल म्हणून तयार होतो, ओरडेल म्हणूनही तयार होतो. ती रडली नाही.

ती म्हणाली, "मग त्यो कुटं हाय?"

तीन वर्षांत हा प्रश्न तिनं एकदाही विचारला नव्हता. विचारायची तिला गरज पडली नव्हती. तो कुठं आहे ते तिला माहीत होतं. तो दुसऱ्या बाजूला होता, तिसऱ्या गाण्यानंतर, मोप माणसांत, बरा होता. आणि मी नुकतंच तिला सिद्ध करून दाखवलं होतं की तो तिथं नाही.

"माहीत नाही," मी म्हणालो.

तिनं आप्पांकडं बघितलं. आप्पांनी मान खाली घातली. तिनं परत माझ्याकडं बघितलं आणि तेच विचारलं, पहिल्यापेक्षा हळू, जणू मला नीट ऐकू आलं नव्हतं.

मी शोधलं. मुंबईच्या कचेऱ्या पालथ्या घातल्या, रत्नागिरीचा तो सोबती गाठला, परदेशातल्या बंदरांना इंग्रजीतून पत्रं लिहिली. काही कळलं नाही, आजतागायत नाही. मित्राशी पुढं समेट झाला. तो आता म्हणतो, त्या जुन्या रेकॉर्डींना परत मागणी आली आहे, लोक नव्या सोडून जुन्या शोधत येतात, तू म्हणत होतास तेच खरं. मी त्याला म्हणतो, राहू दे.

आई त्यानंतर अठरा वर्षं जगली. रेकॉर्ड लाव असं तिनं मला परत कधी म्हटलं नाही. आधी मी शनिवारी एसटीतून उतरून आलो की ती अंगणातच विचारायची, जेवलास का. त्या दिवसानंतर विचारायची, काय कळलं का. मी नाही म्हणायचो आणि ती आत जायची. जेवलास का, हे मग तिनं कधीच विचारलं नाही.